सोलापूरच्या पावसात सायकलची चामड्याची सीट: तेल पाजावे, काढून ठेवावी की खालून जपावी?

जुळे सोलापूर, रोजचा सायकलस्वार

माझ्या सायकलला वडिलांच्या वेळची चामड्याची सीट आहे. गिरणीत पाळीला जाताना ते जी सायकल वापरत, तिचा सांगाडा गंजून गेल्यावर ती सीट मी माझ्या सायकलला बसवून घेतली. जाड चामड्याची सीट बसणाऱ्याच्या हाडांचा आकार हळूहळू घेते आणि एकदा तो आकार आला की पंधरा-वीस किलोमीटरचा प्रवास फोमच्या कोणत्याही गादीपेक्षा सुखाचा होतो, असा माझा अनुभव आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून परतताना मला मुसळधार पावसाने गाठले. मी कोठेही न थांबता ओल्या सीटवर बसून घरी आलो. दुसऱ्या दिवशी पाहिले तर सीटच्या मधोमध दोन बोटे खोल झोळी पडली होती, आणि ती आजही पूर्ण वर आलेली नाही.

त्यानंतर ज्यांना ज्यांना विचारले, त्यांतील बहुतेकांनी एकच सांगितले, की मृगाच्या आधी सीटला भरपूर तेल पाजायला हवे होते. मला हा सल्ला चुकीचा वाटतो आणि त्याची कारणे येथे मांडतो.

चामड्याची सीट म्हणजे गादी नव्हे. बाजेवर नवार ताणावी, तसे नाकाकडील लोखंडी टोक आणि मागची कमान यांच्यामध्ये एकच चामडे रिबिटांनी ताणून बसवलेले असते आणि सारा भार त्या ताणावर तोललेला असतो. चामडे हे तंतूंचे बनलेले असते. ओले झाल्यावर तंतू एकमेकांवरून सरकू लागतात, वर माणूस बसला की ते लांबतात, आणि त्याच लांबलेल्या स्थितीत वाळले की झोळी कायमची होते. म्हणून चामडे भिजल्याने फारसे नुकसान होत नाही. भिजलेल्या चामड्यावर बसल्याने होते. तेलही तंतूंना असेच सैल करते. अंगात तेल मुरलेली सीट पाऊस न पडताही मधून खाली बसते.

दुसरी गोष्ट मला सीट उतरवून पाहिल्यावर कळली. वरची बाजू संध्याकाळपर्यंत कोरडी झाली होती, परंतु खालची बाजू तिसऱ्या दिवशीही हाताला ओली लागत होती आणि तिच्यावर काळ्या मातीचा थर बसला होता. कातडीची केसांकडील बाजू घट्ट विणीची असते आणि तीच सीटच्या वर येते. खाली असते ती मांसाकडील मोकळी बाजू, जी टीपकागदासारखी पाणी पिते. माझ्या सायकलचे मागचे मडगार्ड त्या आधीच तुटले होते आणि मी ते बदलले नव्हते. चाकाने उडवलेले सगळे पाणी थेट त्या उघड्या बाजूवर जात होते. आकाशातून पडलेल्या पाण्यापेक्षा रस्त्यावरून उडालेल्या पाण्याने माझी सीट घालवली, हे आता मी खात्रीने सांगू शकतो.

माझे मत असे आहे की पूर्ण लांबीचे मागचे मडगार्ड हेच सीटचे खरे संरक्षण आहे. सीट भिजलीच, तर ती सावलीत, वाऱ्यावर, दोन-तीन दिवस कोणीही न बसता वाळू द्यावी आणि वरच्या बाजूला वर्षातून दोनदा मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. तेलाला यात स्थान नाही, आणि खालच्या बाजूला तर काहीच लावू नये.

बार्शी रोड, निवृत्त

आपल्या सीटचे वाईट वाटले, परंतु तेलावर ठेवलेला दोष मला मान्य नाही. माझे बालपण बार्शी तालुक्यात शेतात गेले आणि आमच्या विहिरीवर मोट चालत असे. मोटेचे चामडे दिवसभर पाण्यात बुडत असे, दोन बैलांनी ओढावे इतके पाण्याचे ओझे घेऊन वर येत असे, आणि तरीही ते वर्षानुवर्षे टिकत असे. करडईचे तेल तापवून, जवळजवळ करपवून काढलेले काळे चिकट तेल मोटेच्या दोराला, म्हणजे नाड्याला, आणि पाण्यात राहणाऱ्या चामड्याला लावण्याची रीत आपल्या भागात जुनी आहे. ज्या जिल्ह्यात करडई पिकते, त्या जिल्ह्यातील माणसांनी हे ज्ञान विसरावे याची मला खंत वाटते.

शिवाय आपण सप्टेंबरचा विचार केला, परंतु मार्च ते मे या तीन महिन्यांचा केला नाही. सोलापुरात पारा चाळीसच्या वर जातो, एखाद्या वर्षी चव्वेचाळीसलाही टेकतो, आणि हवेत ओलावा नावाला नसतो. या दिवसांत चामड्याच्या अंगातील स्निग्धपणा कमी होतो, बारीक चिरा पडतात आणि पहिल्याच वळवाचे पाणी त्या चिरांतून आत जाते. कोकणातील सीट ओलीने कुजत असेल, आपली आधी कोरडी पडते आणि मग भिजते. कोरड्या पडलेल्या चामड्याला तेल न देता पावसात नेणे म्हणजे भेगाळलेल्या टाचेने चिखलात उतरणे होय.

जुळे सोलापूर, रोजचा सायकलस्वार

उन्हाळ्याबद्दलचे आपले म्हणणे मला पूर्ण पटले आणि ते माझ्या लिहिण्यातून सुटले होते. परंतु मोटेचा दाखला येथे लागू होत नाही, असे मी आदराने सांगतो. मोट ही पिशवी आहे. ती ताणली, सैल झाली, लांबली, तरी तिच्यात पाणी मावतेच आणि तिचे काम अडत नाही. सीटचे काम मात्र ताण टिकवण्याचेच आहे. मोटेसाठी जो लवचीकपणा गुण ठरतो, तोच सीटसाठी दोष ठरतो. शिवाय करपवलेले करडईचे तेल चिकट राहते, आणि त्यावर बसून कामावर जाणाऱ्याच्या कपड्यांचे काय होईल, तेही पाहावे लागेल.

इंग्लंडमधील ब्रुक्स या सीट बनवणाऱ्या कंपनीची सुरुवात 1866 मध्ये बर्मिंगहॅमला घोड्याचे साज बनवण्यापासून झाली. सीटचे पहिले पेटंट त्यांनी 1882 मध्ये घेतले, आणि पावसाचा अनुभव त्या देशाला आपल्यापेक्षा कमी नाही. त्यांच्या सीटला लावायचे जे मलम मिळते, त्यात चरबी, माशाचे तेल आणि मधमाश्यांचे मेण असते. म्हणजे त्यात तेल आहे, हे मी नाकारत नाही, परंतु चरबी आणि मेणामुळे ते घट्ट राहते, बोटाने थोडेसेच लावले जाते आणि उरलेले फडक्याने पुसून काढले जाते. पाजणे आणि लावणे यांत फार अंतर आहे. आपल्याकडे तर वाटीभर एरंडेल किंवा खोबरेल ओतून सीट रात्रभर ठेवतात.

होटगी रोड

दोघांचाही वाद वाचला, परंतु मूळ प्रश्न वेगळा आहे असे वाटते. ज्या सीटला वडिलांच्या वापराची आठवण आहे, ती पावसात न्यायचीच कशाला? सीटची पकड एक-दोन नट सैल केले की सुटते. जूनच्या आरंभी ती उतरवावी, सुती कापडात गुंडाळून हवेशीर खोलीत ठेवावी, आणि दिवाळीपर्यंत शे-दोनशे रुपयांची रेक्झिनची सीट लावावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र बांधून ठेवू नये, कारण कमावलेल्या चामड्यावर कोंदट जागेत पांढरी बुरशी लवकर धरते. आमच्याकडे जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्यात सीट गुंडाळून भिंतीवरील खुंटीला टांगतात आणि ती आजवर एकदाही खराब झालेली नाही.

जुळे सोलापूर, रोजचा सायकलस्वार

आपला उपाय पुण्या-मुंबईच्या पावसाला शोभेल. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही सलग पडत नाही. जून-जुलैमध्ये पंधरा-पंधरा दिवस थेंब पडत नाही आणि मग उत्तरा-हस्ताचा पाऊस दोन तासांत रस्ते भरून टाकतो. त्या मोजक्या दिवसांसाठी पाच महिने सीट खुंटीला टांगणे मला जड वाटते. चामड्याने घेतलेला आकार बसण्यानेच टिकतो.

पूर्व भाग, शिक्षिका

येथे सर्वांनी असे गृहीत धरले आहे की सायकल घरी सावलीत उभी राहते आणि तिच्या मालकाला सीट दोन-तीन दिवस वाळवण्याइतकी उसंत असते. माझी सायकल शाळेच्या आवारात उघड्यावर सात तास उभी असते. दुपारी ऊन, चार वाजता पाऊस आणि साडेपाचला मला तिच्यावर बसून कन्ना चौकातून घरी जायचे असते, कारण घरी जायला दुसरे साधन नसते. ओल्या सीटवर बसू नका, हा सल्ला ज्याच्याकडे दुसरे वाहन आहे त्यालाच पाळता येतो.

मी दोन वर्षे चामड्याची सीट वापरली. प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवत असे. ती कधी वाऱ्याने उडत असे, कधी कोणी काढून नेत असे. म्हणून बाजारातील फोमचे कव्हर घेतले आणि तो निर्णय सर्वांत वाईट ठरला. फोम पाणी धरून ठेवतो, वरून कोरडा दिसतो आणि खालील चामडे दिवसभर ओल्या फडक्यात ठेवल्यासारखे राहते. शेवटी ती सीट काढून साधी रेक्झिनची लावली. आपण ज्या ब्रुक्सचा दाखला दिला, त्याच कंपनीने 2013 मध्ये रबर आणि सुती कापडाची सीट बाजारात आणली आणि तिला मलम लावावे लागत नाही. चामडे बनवणाऱ्यांनीच चामड्याची मर्यादा ओळखली असेल, तर रोज कामावर जाणाऱ्या माणसाने हट्ट कशासाठी धरावा? चामड्याची सीट सुखाची आहे याबद्दल माझा वाद नाही. तिची उस्तवार कोणाच्या वेळातून होते, हा माझा प्रश्न आहे.

जुळे सोलापूर, रोजचा सायकलस्वार

मॅडम, वेळेबद्दलच्या आपल्या प्रश्नाला माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. आपल्या जागी मी असतो तर मीही बहुधा रेक्झिनच लावले असते. एवढेच सुचवतो की पिशवी बाहेरून बांधण्याऐवजी तिची दोरी सीटखालील स्प्रिंगला कायमची बांधून ठेवली आणि पिशवी तेथेच घडी करून खोचली, तर ती उडत नाही. बसण्यापूर्वी पिशवी काढायची असते, त्यामुळे सीट वरून कोरडी मिळते. फोमच्या कव्हरबद्दल आपण जे लिहिले ते अक्षरशः खरे आहे.

बाळीवेस, चामड्याचे काम करणारा

आमच्या घरी तीन पिढ्यांपासून चपला आणि पट्टे बनवण्याचे काम आहे, म्हणून काही गोष्टी दुरुस्त करून सांगतो.

पहिली गोष्ट, भिजल्याने नुकसान होत नाही हे म्हणणे अर्धेच खरे आहे. अशा सीटचे चामडे झाडांच्या सालींनी कमावलेले असते. आपल्याकडे बाभळीची साल, हिरडा, तरवड वापरत आले आहेत, परदेशात त्यांची त्यांची झाडे वापरतात, पण तत्त्व एकच असते. असे चामडे पूर्ण भिजले की कमावण्यासाठी घातलेला रस थोडाथोडा पाण्याबरोबर बाहेर येतो. पांढऱ्या धोतरावर किंवा शर्टावर जो तपकिरी डाग पडतो, तो तोच असतो. दर वेळी थोडे जाते, आणि वाळल्यावर चामडे आधीपेक्षा कडक लागते. कोल्हापुरी चप्पल पावसाळ्यात आपण घालत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरी गोष्ट, खालच्या बाजूला काहीच लावू नये, हे मला मुळीच मान्य नाही. तीच बाजू पाणी पिते, हे आपणच सांगितले, मग तीच उघडी का ठेवायची? वरून पातळ हात द्यावा आणि खालून त्याहून जरा जास्त मेण-चरबी उन्हाळ्यात एकदा चोळावी. चैत्रात लावले तर उष्णतेने ते हळूहळू आत जाते. बार्शी रोडच्या काकांचे येथे बरोबर आहे: कोरडे चामडे पावसात नेऊ नये. मात्र काका, करडईचे, जवसाचे तेल वाळून वर साय धरते आणि त्यावर धूळ बसते. एरंडेल तसे वाळत नाही, पण ते फार मऊ करते. मोटेला ते चालले, सीटला चालणार नाही.

तिसरी गोष्ट उष्णतेची आहे, आणि ती कोणीच सांगितली नाही. सालींनी कमावलेले चामडे ओले असताना 70 ते 85 अंश सेल्सिअसच्या उष्णतेत आकसते आणि एकदा आकसले की परत येत नाही. कोरडे असताना ते याहून जास्त सोसते. म्हणून भिजलेली सीट चुलीजवळ, हीटरपुढे किंवा केस वाळवण्याच्या यंत्राखाली धरू नये. माझ्याकडे अशा सीटा आलेल्या आहेत, ज्यांच्या रिबिटांभोवती चामडे लाकडासारखे होऊन फाटले होते.

बार्शी रोड, निवृत्त

साय धरते हे खरे आहे, ते मी नाड्यावर पाहिलेले आहे. तरीही आमच्या पद्धतीत साय घासून काढून दुसरा हात देत, आणि पाणी आत जात नसे. माझ्याकडे भंगारात निघालेली एक जुनी सीट आहे. तिच्या एका अंगाला मी करडईचे तेल आणि दुसऱ्या अंगाला मेण-चरबी लावून यंदा गच्चीवर ठेवणार आहे. हस्ताचा पाऊस झाल्यावर काय दिसले ते येथे लिहीन, आणि तोपर्यंत माझे मत बदलणार नाही.

जुळे सोलापूर, रोजचा सायकलस्वार

खालच्या बाजूबद्दलचे माझे मत मी मागे घेतो. मडगार्ड असले तरी चिखल थोडा उडतोच. आता एक विचारायचे आहे. झोळी पडलेल्या सीटच्या नाकाखालील नट मी पान्याने चार फेरे आवळला, तर सीट मधून वर आली, पण नाकाजवळच्या रिबिटांपाशी चामडे ताणून पांढरे दिसू लागले आहे. आणखी आवळू का?

बाळीवेस, चामड्याचे काम करणारा

आवळू नका, उलट दोन फेरे सैल करा. तो नट एका वेळी पाव फेरा, तोही चामडे पूर्ण कोरडे असताना फिरवायचा असतो, नाहीतर चामडे रिबिटापाशी फाटते आणि मग त्याला इलाज नसतो. आपल्या सीटला वादी घालावी लागेल. दोन्ही बाजूंच्या खाली लोंबणाऱ्या पाळ्यांना कडेपासून एक बोट आत चार-चार भोके पाडायची, आणि सीटच्या पोटाखालून चामड्याची वादी बुटाच्या नाडीसारखी ओवून बांधायची. पाळ्या आत ओढल्या गेल्या की मधला भाग आपोआप वर येतो आणि नटावरचा ताण कमी होतो. भोके पंचाने पाडावीत, खिळ्याने नव्हे, कारण खिळ्याचे भोक पुढे चिरत जाते. काम अर्ध्या तासाचे आहे. येण्यापूर्वी सीट दोन दिवस सावलीत वाळवून आणा. ओल्या चामड्याला मी भोक पाडत नाही.