एचपी बघा, पण पट्ट्याखालचं तेलही बघा

ट्रेडमिल घेताना ३ एचपीची (हॉर्सपॉवर, म्हणजे मोटरची ताकद) मोटर घेतली की पुढं काही बघायला नको असं वर एकानं म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं. जाहिरातीत बऱ्याचदा पीक एचपी दिलेली असते, म्हणजे क्षणभर मिळणारी ताकद, रोज अर्धा तास चालायचं तर कंटिन्युअस, म्हणजे सलग मिळणारी, किती ते विचारा. आणि पट्ट्याखालच्या सिलिकॉन ऑईलबद्दल इथे कुणीच बोललं नाहीये! आमच्याकडे ग्वाल्हेरला मे महिन्यात आंधी आली की खिडक्या लावूनही घरभर धूळ होते, ती पट्टा आणि डेकच्या (पट्ट्याखालच्या फळीच्या) मधे जाऊन बसते, घर्षण वाढतं, मोटर जास्त करंट ओढते आणि मोटर चालवणारा कंट्रोलर बोर्ड जळू शकतो. बाबांच्या मशीनला जळका वास यायला लागला तेव्हा मेकॅनिकनं पट्टा उचलून मला आत हात घालायला लावला, डेक कोरडा ठणठणीत आणि बोटांना काळी पूड लागली. पुसून तेल घातल्यावर आवाज लगेच उतरला. फक्त सिलिकॉन ऑईलच वापरा हं, शिलाई मशीनचं तेल नको, त्यानं पट्टा खराब होतो. आणि प्लग १६ अँपियरच्या सॉकेटमधेच लावा, एक्स्टेंशन बोर्डावर अजिबात नको.