डिप्रेशनची गोळी चालू आहे, अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्स मिळेल का?

प्रश्न: डिफेन्स कॉन्ट्रॅक्टरची ऑफर आलीये, आता सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी (सरकारी गुप्त माहिती हाताळायची परवानगी) एसएफ-८६ फॉर्म भरायचाय. डिप्रेशनची गोळी आणि थेरपी दोन्ही चालूये, यामुळे ऑफर जाईल का? गोळी बंद करू का आधी?

– गोळी अजिबात बंद करू नकोस!! फॉर्ममधला सेक्शन २१ (मानसिक आरोग्याचा) नीट वाच, बायपोलर, स्किझोफ्रेनिया अशी ठराविक निदानं, मानसिक आरोग्याबाबत कोर्टाचा आदेश, त्यासाठी हॉस्पिटलात भरती, असंच विचारतात, शिवाय निर्णयक्षमतेवर खूप परिणाम करणारं काही असेल तर ते. डिप्रेशन त्या नावांत नाहीये.

– आणि यादीतलं असलं तरी थेट नकार नसतो हो. क्लिअरन्स ठरवायच्या नियमांत २०१७ पासूनच्या गाईडलाईन ‘आय’मध्ये (मानसिक स्थितीबद्दलची) स्पष्ट आहे, फक्त काउन्सेलिंग घेतलं म्हणून विरुद्ध मत करायचं नाही, उलट उपचार नीट घेतोय हे बाजूनेच धरतात. विचारलेलं लपवलंस तर मात्र गाईडलाईन ‘ई’ (वागणूक, प्रामाणिकपणाबद्दलची) लागते, तिथे जास्त अडकशील.

– हुश्श, थँक्स!