प्रति: उसाचा रस आटवणं भौतिक बदल की रासायनिक?
वर एकांनी लिहिलंय की रसाचा गूळ होणं हा निव्वळ भौतिक बदल, कारण फक्त पाणी उडून जातं. अर्धंच बरोबर आहे. आमच्या कराडकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर काहिलीपाशी (रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी) उभं राहून बघा. रस तापला की गुळव्या (गूळ करणारा कारागीर) त्यात चुन्याची निवळी, म्हणजे चुन्याचं वरचं नितळ पाणी, टाकतो. चुन्यानं रसातलं आम्ल मारलं जातं, ही सरळसरळ रासायनिक क्रिया. रसात ओतलेल्या भेंडीच्या बुळबुळीत पाण्यात मात्र कचरा नुसता अडकून वर येतो. ती मळी झाऱ्यानं काढली, की झालं मिश्रण वेगळं करणं, म्हणजे भौतिक बदल. पुढे पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचेतो जो तांबूस रंग चढतो, तो पुन्हा रासायनिक. म्हणून तर गूळ पाण्यात विरघळवून उसाचा रस परत मिळत नाही. (थर्मामीटर कोण वापरतंय म्हणा, गार पाण्यात पाक टाकून गोळी वळली की काहील उतरवतात!)