शब्दचर्चा : जनुकोपचार, आनुवंशिक आणि तीन अर्थांचा 'वाहक'

प्रश्न : आरोग्यावरचा मजकूर मराठीत आणताना 'जीन थेरपी'ला नेमकं काय म्हणावं? जनुकीय उपचार, जनुकचिकित्सा, जनुकोपचार असे तिन्ही शब्द वाचनात येतात. 'अनुवांशिक' बरोबर की 'आनुवंशिक'? आणि कॅरिअर, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेला माणूस, आणि व्हेक्टर, म्हणजे जनुक पेशीत नेण्यासाठी वापरलेला विषाणू, दोघांनाही 'वाहक'च म्हटलेलं दिसतं. ते चालेल का?

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे. आधी सोपं ते उरकते.

'आनुवंशिक' बरोबर. अनुवंश या शब्दाला 'इक' लागला की पहिला स्वर वाढतो. समाज-सामाजिक, अनुषंग-आनुषंगिक, तसंच हे. 'अनुवांशिक'मध्ये काना चुकीच्या घरात गेला आहे. वर्तमानपत्रांतही तो सर्रास तसाच छापतात, म्हणून डोळ्याला सवय झाली आहे इतकंच.

'जनुक' मला फार आवडतो. 'जीन' हा शब्द डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी १९०९ मध्ये वापरात आणला, त्यामागे जन्माशी नातं सांगणारं ग्रीक मूळ आहे. आपला 'जन्' धातू त्याच भाषाकुळातला, म्हणजे जनुक आणि जीन एका भावकीतले. संस्कृतात 'जनुस्' म्हणजे जन्म आणि 'जनुषान्ध' म्हणजे जन्मांध. अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये लक्सटर्ना नावाच्या औषधाला मंजुरी मिळाली. आरपीई६५ या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या की लहानपणापासूनच दृष्टी जात राहते. त्या जनुकाची चांगली प्रत हे औषध डोळ्याच्या पडद्याखाली पोचवतं. जनुषान्धावर जनुकाचा उपचार! शब्द असे जुळून आले की मला खरोखर आनंद होतो.

आता तिन्ही पर्याय. 'जनुकीय उपचार' मोघम आहे. हिमोफिलियाच्या रुग्णाला रक्त गोठायला मदत करणाऱ्या फॅक्टर आठचं इंजेक्शन देतात, तोही जनुकीय आजारावरचाच उपचार, पण ती जीन थेरपी नव्हे. 'चिकित्सा'चा अर्थ मराठीत हळूहळू सरकला आहे. आपण ग्रंथाची चिकित्सा करतो, चिकित्सक वृत्ती म्हणतो. त्यामुळे 'जनुकचिकित्सा' ऐकणाऱ्याला जनुकांची तपासणी वाटते. उरला 'जनुकोपचार'. निसर्गोपचारात निसर्गच औषध, तसं जनुकोपचारात जनुकच औषध. माझं मत याच शब्दाला.

बोलण्यात मात्र २०२१ पासून वेगळंच नाव आहे : '१६ कोटींचं इंजेक्शन'. एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारावरचं झोलजेन्स्मा, ज्यासाठी मुंबई-पुण्यातल्या बाळांकरता लोकांनी वर्गणी काढली, तेच हे. आजीला 'जनुकोपचार' सांगितलं तर ती गप्प बसते, '१६ कोटींचं इंजेक्शन' म्हटलं की लगेच मान हलवते. पत्रकात मी दोन्ही लिहिते.

आता 'वाहक'. मी विदर्भातल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणी शिबिरांसाठी माहितीपत्रकं लिहिते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शिबिरात विशीतली एक सून हातात कागद घेऊन आली. कागदावर लिहिलं होतं, 'एएस पॅटर्न - वाहक'. ती म्हणाली, "वाहक तं एस्टीत रायते न जी? मंग माया कागदावर काऊन लिवलं?" तिची शंका अगदी रास्त होती. एसटीच्या दारावर 'चालक' आणि 'वाहक' आपणच लिहिलेत. मी समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या तिच्या सासूबाई म्हणाल्या, "रोग पसरवते मंते ते." त्यांनी हा अर्थ कुठून आणला हे कळायला मला मागे वळावं लागलं. त्याच खोलीच्या भिंतीवर रंगवलं होतं : डास हा हिवतापाचा वाहक आहे.

सून घरात रोग घेऊन आली, असा त्या एका शब्दाचा अर्थ झाला होता. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती नुसती उभी होती.

खरी गोष्ट अशी. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं, जीएजीच्या जागी जीटीजी. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एकच प्रत बदललेली असेल तो एएस. तो सहसा धडधाकट असतो, आणि त्याच्यापासून शेजाऱ्याला, नवऱ्याला, सासूला काहीही लागत नाही. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तो एसएस, आणि आजारी तो. नवरा-बायको दोघंही एएस असतील तर दर गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे प्रश्न एकट्या सुनेचा कधीच नसतो. त्या दिवशी नवऱ्याची तपासणी झालेलीच नव्हती.

तरी मी माणसासाठी 'वाहक' शब्द टाकून द्या म्हणणार नाही. तो कार्डांवर गेला, आशाताईंच्या तोंडी बसला. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत २०४७ पर्यंतचं लक्ष्य आहे, तेव्हा हा शब्द अजून कितीतरी घरांत जाणार. त्याला खुलाशाची जोड मात्र हवीच.

व्हेक्टरला 'वाहन' म्हणा. जनुकोपचारात विषाणू आतून रिकामा करतात, त्याचं स्वतःचं जनुक-सामान काढून आपल्याला हवं ते जनुक त्यात बसवतात, आणि तो ते पेशीपर्यंत नेतो. गणपतीचं वाहन उंदीर हे पोरासोरांनाही माहीत असतं, म्हणून 'विषाणू-वाहन' म्हटलं की घोटाळा होत नाही.

प्रश्न : धन्यवाद ताई. मग 'जीन एडिटिंग'ला 'जनुकसंपादन' रूढ होतंय, ते ठीक का? 'जनुकदुरुस्ती' सोपा नाही का?

उत्तर : 'संपादन' छापखान्याच्या जगात ठीक. गावात संपादन म्हणजे भूसंपादन, जमीन जाणे. 'तुमच्या जनुकाचं संपादन करू' हे वाक्य तिथं धडकी भरवेल. 'दुरुस्ती' गोड आहे, पण दर वेळी खरी नाही. सिकलसेलवरचं कॅसजेव्ही बघा. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत मंजूर झालेलं, क्रिस्पर या जनुक कापून बदलण्याच्या तंत्रावरचं ते पहिलं औषध. ते बिघडलेल्या अक्षराला हातही लावत नाही. बाळ पोटात असताना वेगळं हिमोग्लोबिन बनत असतं, जन्मानंतर ते बनणं बीसीएल११ए नावाचं जनुक थांबवतं. कॅसजेव्ही रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींमध्ये त्या जनुकाचा जोर कमी करतं, की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू. याला दुरुस्ती कसं म्हणणार? आणि झोलजेन्स्मात तर जुनं जनुक तसंच राहतं, नवी प्रत शेजारी येऊन बसते. तिथं 'भर घालणे' हेच खरं. सगळ्यांना सामावणारा शब्द हवा असेल तर मी 'जनुकबदल' लिहिते.

कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकविज्ञान संशोधन संस्थेने सिकलसेलसाठीच विकसित केलेला क्रिस्पर उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं आहे आणि नाव ठेवलंय 'बिरसा १०१', आदिवासी क्रांतिकारक बिरसा मुंडांवरून. हा आजार ज्या समाजांत अधिक दिसतो, त्यांच्या ओळखीचं नाव औषधाला मिळालं हे मला मनापासून बरं वाटलं.

प्रतिसाद : मी महसूल खात्यात होतो. आमच्याकडे म्युटेशन म्हणजे 'फेरफार', जमिनीच्या नोंदीतला बदल. जनुकातल्या म्युटेशनला लिहितात त्या 'उत्परिवर्तन'पेक्षा हा शब्द शेतकऱ्याला चटकन कळेल.

उत्तर : दादा, काय सुरेख आठवण दिलीत! फेरफाराची नोंद तलाठ्याच्या दप्तरातल्या गाव नमुना ६ मध्ये आणि वारसांची ६-क मध्ये, म्हणजे बदल आणि वारसा शेजारी-शेजारी. 'कागदपत्रांत फेरफार' म्हटलं की लबाडीचा वास येतो, म्हणून छापील मजकुरात मी बिचकेन. पण समोरासमोर सांगताना हीच उपमा वापरणार, कारण तिच्यातून जनुकोपचारातली सगळ्यांत निसरडी गोष्ट सांगता येते.

'आनुवंशिक आजार आता मुळापासून बरा होणार' असं लोक लिहितात. ते वाचून रुग्ण विचारतो, "मंग लेकराले नाई होणार न जी?" इथं नीट थांबायला हवं. हे उपचार शरीराच्या पेशींवर होतात, मज्जेतल्या, डोळ्यातल्या, यकृतातल्या. स्त्रीबीज किंवा शुक्राणू बदलत नाहीत. तसा बदल करायला भारतात आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंदी घातली आहे. म्हणजे कॅसजेव्ही घेतलेल्या एसएस रुग्णाच्या वेदना थांबल्या, तरी प्रत्येक मुलाला त्याच्याकडून एक सदोष प्रत जाणारच. तलाठ्याच्या भाषेत, वहिवाट सुधारली, वारसनोंद जुनीच. म्हणून 'आनुवंशिक आजार बरा झाला' असं न लिहिता 'रुग्ण बरा झाला' लिहा, आणि जोडीदाराच्या तपासणीचं वाक्य त्याच परिच्छेदात ठेवा.

शिबिराच्या पत्रकात आता 'वाहक'च्या खाली ठळक अक्षरांत हे छापतो : "वाहक म्हणजे आजारी नव्हे. वाहकापासून हा आजार कोणालाही लागत नाही. पती आणि पत्नी, दोघांचीही तपासणी करावी."