रात्री दीडला जागणारे, दुपारी चारला येणारे : नागपूरकरांचे फुटबॉल अनुभव

राजेहो, नागपूरची ओळख सांगताना संत्री, सावजी, उन्हाळा आणि जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम इथवर आलं की आपली गाडी थांबते. पण वर्ल्डकपच्या महिन्यात मोमीनपुऱ्याच्या गल्लीत मान वर करून बघा, आभाळ कमी आणि झेंडे जास्त. कामठीत तर रब्बानी फुटबॉल क्लबबद्दल वाकडं बोलून कोणी चहा संपेपर्यंत टिकत नाही. म्हणून हा धागा. तुमची आठवण सांगा, मत सांगा, भांडण उकरा. आकडेवारी कुठेही मिळते. तुम्ही तेव्हा कुठे बसला होता ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून.

अजनी, रेल्वे क्वार्टर

२२ जून १९८६, रविवार. वर्ल्डकप, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. मी अकरा वर्षांचा. आमच्या ओळीत टीव्ही एकच. तो खिडकीत तोंड बाहेर करून ठेवलेला आणि आम्ही अंगणात पोत्यांवर. मेक्सिकोत भर दुपार, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. डास असे की अर्धा सामना टाळ्या वाजवण्यातच गेला.

मॅराडोनाचा पहिला गोल झाला तेव्हा सगळी मोठी माणसं "काय हेडर मारला!" म्हणून उठली. एकट्या शेजारच्या आजी, ज्यांनी त्याआधी फुटबॉल कधी बघितलाच नव्हता, म्हणाल्या, "अवं, हातानं मारलं ना त्यानं!" सगळ्यांनी त्यांना गप्प केलं. ट्युनिशियाच्या रेफ्रीला जे दिसलं नाही ते अजनीच्या आजीला दिसलं होतं. चार मिनिटांनी तो दुसरा गोल झाला, अर्ध्या मैदानातून इंग्लंडच्या गड्यांना एकेक करून मागे टाकत नेलेला. तेव्हा मात्र आजीसुद्धा उठल्या.

लोक दुसऱ्या गोलाबद्दल बोलतात. मी मात्र पहिल्यामुळे फुटबॉलला चिकटलो. दुसरा बघून नुसतं कौतुक वाटतं, पहिल्यावर अजून भांडता येतं. पुढचा आठवडाभर आमच्या मैदानावर प्रत्येक पोट्टा हातानंच गोल मारत होता.

कूलरवाला, प्रतापनगर

२५ मे २००५. चॅम्पियन्स लीगची फायनल, इस्तंबूल. मी लिव्हरपूलचा. हाफटाइमला मिलान ३, आपण ०, आणि तेवढ्यात लाईट गेली. मे महिना, नागपूर, कूलर बंद. गच्चीवर चादर ओली करून झोपलो, मनात म्हटलं बरं झालं, पुढचं बघावं लागलं नाही.

सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर एकानं मिठीच मारली. मला वाटलं चिडवतोय. जेरार्ड, श्मिट्सर, अलोन्सो, सहा मिनिटांत तीन गोल, मग टायब्रेकरमध्ये दुडेकनं अडवलं. हे सगळं मी त्याच्याकडून ऐकलं, तोंडात पोहे असताना. आयुष्यातला सर्वात मोठा सामना मी झोपून काढला. पुढे यूट्यूबवर वीस वेळा बघितला असेल, पण निकाल माहीत असताना पाहणं म्हणजे शिळी तर्री.

निवृत्त लाईन्समन, मोतीबाग

मी तीस वर्षं झेंडा घेऊन पळालो, म्हणून माझं थोडं वेगळं.

१९९२ मध्ये नियम बदलला. आपल्याच गड्यानं मुद्दाम पायानं दिलेला बॉल गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही. १९९० च्या वर्ल्डकपात बॅक आणि गोलकीपर एकमेकांना बॉल देत वेळ काढत बसले आणि लोक वैतागले, त्यावरचा हा उपाय. नियम कागदावर बदलला, पण मैदानावर कागद कोण वाचतो! त्यानंतरच्या एका सामन्यात असाच बॉल गोलकीपरनं उचलला. रेफ्रीनं गोलापासून सात-आठ पावलांवर इनडायरेक्ट फ्री किक दिली. अर्धं पब्लिक ओरडतंय, "पेनल्टी दे!" अर्धं ओरडतंय, "फाऊल कशाचा बे?" अकराच्या अकरा जण गोलरेषेवर भिंत करून उभे, कारण दहा यार्ड मागे सरकायला जागाच नाही. किक मारणाऱ्यानं सरळ गोलात मारली. कोणाला न लागता आत गेली म्हणून गोल नाही. आता दोन्ही बाजू आमच्यावर. रेफ्री आणि मी एकाच सायकलवर निघालो, डबलसीट. तो पेडल मारत होता, मी मागे बघत होतो.

आता वारबद्दल (VAR), म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीचा निर्णय तपासतात त्याबद्दल. जुनी माणसं वारला शिव्या देतात, मी नाही देणार. ऑफसाईड, म्हणजे पास सुटताना पुढचा गडी बचावाच्या पलीकडे पोचलाय का, ते बघताना पास देणाऱ्याचा पाय बॉलला लागतो तो क्षण आणि तिकडे शेवटून दुसरा बचाववाला, दोन्ही एकाच वेळी बघायचं असतं. दोघांत चाळीस यार्ड. माणसाच्या डोळ्यांना ते जमत नाही. आम्ही पाय वाजल्याचा आवाज ऐकून झेंडा वर करायचो. २०२२ ला सौदीविरुद्ध अर्जेंटिनाचे पहिल्या हाफमध्येच तीन गोल ऑफसाईडमध्ये गेले. माझ्या झेंड्यानं त्यातला एखादा नक्की दिला असता आणि सौदीचा तो २-१ चा पराक्रम झालाच नसता. फक्त एक खटकतं. हल्ली गोल झाला की नातू आधी माझ्याकडे बघतो, "आजोबा, नाचू का थांबू?"

कामठी

लाईन्समन काका, डबलसीटवाला किस्सा आम्ही दुसऱ्या बाजूनं ऐकलाय. त्यात तुम्ही दोघं पायी पळत होता.

माझी आठवण २०१४ ची. ब्राझील-जर्मनी सेमीफायनल, रात्री दीडला. रमजान सुरू होता, म्हणून मित्राकडे मुक्काम. सामना संपला की सहरी, असा बेत. मित्र लहानपणापासून ब्राझीलचा, सायकलपासून उशीच्या खोळीपर्यंत सगळं पिवळं. अर्ध्या तासात ५-० झालं. शेवटी ७-१. तो काही बोलला नाही. ताटापुढे बसला आणि रोटीकडे बघत राहिला. त्याच्या अम्मीनं मला हळूच विचारलं, "क्यों बेटा, कोई गुजर गया क्या?" मी म्हटलं, "जी, सात बार."

बेलतरोडी, माजी खेळाडू

मी फुटबॉल चपलांचे गोलपोस्ट करून शिकले. वस्तीत पोट्टे खेळायचे, एक गडी कमी पडला की मला घ्यायचे, आणि तो गडी आला की मला बाहेर. पुढे झोपडपट्टी फुटबॉलच्या पोरींमध्ये गेले. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या विजय बारसे सरांनी पावसात मोडक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं बघितली आणि २००१ मध्ये त्यातून हे सगळं उभं राहिलं. २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कारही मिळाला. सरांवरचा 'झुंड' सिनेमा आल्यावर सगळे अमिताभ कसे दिसतात तेच विचारायचे. माझ्या मैदानाचं कोणी विचारलं नाही.

मैदानाचं सांगते. एका ठिकाणी आम्हाला सरावाची वेळ मिळाली दुपारी दोनची. एप्रिल. पोरांना पाचची. कारण विचारलं तर उत्तर, "तुम्हाला संध्याकाळी घरी लवकर जायचं असतं ना." आम्ही दोनला गेलो आणि पाचपर्यंत उठलोच नाही. पोरं आली, आम्ही अजून खेळतोय. मग अर्ध्या मैदानावर ते, अर्ध्यावर आम्ही. तिसऱ्या दिवशी पोरं कमी पडली आणि विचारायला आली. या वेळी आम्ही निवडलं, कोण घ्यायचं ते.

महाल, वय ७१

सगळ्यांचं वाचलं. छान आहे. आता थोडं कडू बोलतो, वयाचा मान ठेवा.

वडील सांगायचे, १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, नेव्हिल डिसूझानं हॅटट्रिक केली आणि आपण चौथे आलो. हे सांगताना ते चौकातल्या पोट्ट्यांबद्दल सांगावं तसं सांगायचे, कारण डिसूझा मुंबईत टाटांकडून खेळायचा. म्हणजे आपल्यातलाच कोणीतरी तिथे पोचला होता. मी स्वतः वर्ल्डकप बघतो, नाही म्हणत नाही. पण इथे रब्बानी आहे, राहुल क्लब आहे, यंग मुस्लिम आहे, रेल्वेचा संघ आहे. पावसात काळी माती बुटाला अशी चिकटते की दुसऱ्या हाफमध्ये प्रत्येकाचा पाय किलोभर जड, आणि तरी पोट्टे विंगवरून पळतात. तिकीट नाही. सीमारेषेपासून हातभर अंतरावर उभं राहता येतं, खेळाडूचा श्वास ऐकू येतो. माद्रिदमध्ये लाखभर रुपये मोजून ते मिळणार नाही.

आणि येतं कोण? रात्री दीडला गजर लावून उठणारा माणूस दुपारी चारला मैदानावर येत नाही. विचारलं तर म्हणतो, "काका, लेव्हल नाही." अरे, तू बघायला येत नाहीस तर लेव्हल येईल कुठून? शेंगदाण्याची पुडी घेऊन मी बसतो. बरेचदा डावीकडची दहा जागा रिकामी, उजवीकडची वीस.

हिंगणा रोड

महालच्या काकांचं पटतं, पण एक बाजू माझीही. जून २०१८ मध्ये भारताच्या सामन्याला मुंबईत अडीच हजारच माणसं आली आणि सुनील छेत्रीनं व्हिडिओ टाकला : या, शिव्या द्या, पण मैदानावर या. मला लाज वाटली. रात्रीच्या गाडीनं साडेआठशे किलोमीटर गेलो. ४ जून, केनियाविरुद्ध, छेत्रीचा शंभरावा सामना. अंधेरीचं स्टेडियम भरलेलं, पाऊस असा की समोरचा गोल दिसेना. ३-० जिंकलो, दोन छेत्रीचे. ओल्या कपड्यांनी परतीच्या गाडीत बसलो तेव्हा छाती फुगली होती.

आणि आता कबूल करतो. माझ्या घरापासून मैदान चार किलोमीटर आहे. तिथे मी शाळा सुटल्यापासून गेलो नव्हतो.

परवा गेलो. चारचा सामना साडेचारला सुरू झाला. फक्की अर्ध्याच रेषांवर मारलेली. पहिली दहा मिनिटं मोबाईल बघितला, मग एका पोट्ट्यानं डावीकडून दोघांना असा चकवला की मोबाईल खिशात गेला तो गेलाच. बाजूच्या पायरीवर एक आजोबा शेंगदाणे सोलत बसले होते. विचारलं, "महालचे काका तुम्हीच का?"

त्यांनी पुडी पुढे केली. म्हणाले, "कॉर्नर आहे, आधी तो बघ."