मदत हवी आहे: टाइप १ मधुमेह, झोपताना साखर १३०, पहाटे २४०

गोदाकाठ (इंदिरानगर, नाशिक):
मुलगा १४ वर्षांचा, टाइप १. वर्षभरात भराभर उंच झालाय. झोपताना साखर १२०-१४०. सेन्सरची रेघ रात्री तीनपर्यंत सपाट, मग चढत चढत सहाला क्लासला निघेपर्यंत २४०. सासूबाईंचा लाडवांच्या डब्यावर संशय आहे, पण खाल्ल्यावर साखर एकदम उसळते, ही तशी नाही, सावकाश चढते.

ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) रात्री नऊला. डॉक्टरांनी २ युनिट वाढवून दिले, तर सकाळ जरा बरी झाली पण रात्री दीडला ६२. झोपेतून उठवून साखरपाणी पाजावं लागलं.

वाचून कळलं ते असं: गाढ झोपेत मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून ग्रोथ हार्मोन थांबून थांबून सुटतं, वयात येताना सगळ्यात जास्त. त्यामुळे चरबी मोडून फॅटी ॲसिड रक्तात येतात, स्नायू साखर कमी उचलतात आणि यकृत ती सोडत राहतं. आपलं स्वादुपिंड तेव्हा गुपचूप जास्त इन्सुलिन सोडून सांभाळून घेतं. याला पेनातून दिलं तेवढंच.

पण टाइप १ मध्ये हे हार्मोन इतर मुलांपेक्षाही जास्त असतं म्हणतात, ते का? आणि बेसल (हे दिवसभराचं इन्सुलिन) वाढवायचं, त्याची वेळ बदलायची की इन्सुलिन पंपच घ्यायचा? खर्च बघून पंपाचं धाडस होत नाही.

पंचवटीकर:
ताई, आमची मुलगी यातून गेलीय. स्वादुपिंडातलं इन्सुलिन आधी थेट यकृतात जातं. टोचलेलं कातडीखालून सगळ्या अंगात पसरतं, यकृताच्या वाट्याला कमी येतं. यकृताला पुरेसं इन्सुलिन नसेल तर ग्रोथ हार्मोनचा हुकूम तिथे नीट पोचत नाही आणि आयजीएफ-१ हे वाढीचं दुसरं हार्मोन तिथे कमी बनतं. पिट्युटरीला 'आता पुरे' सांगणारं तेच. ते कमी, म्हणून पिट्युटरी आणखी हार्मोन सोडते. उलट स्नायू-चरबीवर ग्रोथ हार्मोनचा इन्सुलिनविरोधी परिणाम चालूच.

म्हणून या वयात डोस वाढतो, त्यात मुलाचा दोष नाही. किलोमागे १ युनिटच्या वर, कधी दीडपर्यंतही जातो. घरच्यांना हे आधी सांगा!

नुसतं बेसल वाढवलं की मध्यरात्री साखर उतरणार, तुम्ही पाहिलंच. पंपात पहाटे तीननंतरचा दर वेगळा लावता येतो, फायदा तो. पंप नसेल तर ग्लार्जिनची वेळ बदलणं किंवा डेग्लुडेक (आणखी जास्त वेळ चालणारं बेसल) यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने नको.

आणखी एक, चरबी मोडते म्हणजे कीटोनचा (साठले तर रक्त आम्ल करणाऱ्या पदार्थांचा) कच्चा माल तयारच असतो. बेसल चुकलं किंवा ताप-उलट्या असल्या तर कीटोन तपासाच.

सह्याद्री_०७:
रात्री साखर उतरून मग पहाटे उसळत नाही ना?

गोदाकाठ:
नाही, दीडला ६२ झाली ती डोस वाढवल्यावरच. एरवी रेघ सपाट. पंचवटीकर, सेन्सरचा अहवाल घेऊन दाखवून येते. एकच विचारते, रविवारी हा नऊला उठतो, तेव्हा २८० असते. हे त्यातलंच का?

पंचवटीकर:
बहुतेक हो. नाश्त्याचं इन्सुलिन जाईपर्यंत चढ चालूच राहतो. आम्ही सुट्टीलाही तिला सातला उठवून डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस द्यायचो, मग परत झोपायची. तुमच्या डॉक्टरांना हेही विचारा.