सोलापुरात डीएनए वाचणारा सीक्वेन्सर हवा, की नमुने पुण्यालाच बरे?

पूर्वभागकर: 2003 ला संपलेल्या मानवी जिनोम (संपूर्ण डीएनए) प्रकल्पाला सुमारे 3 अब्ज डॉलर लागले. 2022 ला सीक्वेन्सर बनवणाऱ्या इल्युमिनाने 200 डॉलरात एक जिनोम वाचता येईल असं जाहीर केलं. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, शहरात एवढे दवाखाने, तरी आपले नमुने एसटी-कुरियरने पुण्याला का?

होटगीरोडवाला: 200 डॉलर म्हणजे नुसती रसायनं, तीही सगळ्यात मोठं मशीन गच्च भरून चाललं तर! मायसेकसारखं छोटं मशीन घ्या. 56 तासांच्या रनमध्ये 15 अब्ज बेस (डीएनएची अक्षरं). डाळिंबाचा जिनोम साधारण 35 कोटी बेसचा. 30 पट, म्हणजे प्रत्येक बेस सरासरी 30 वेळा, वाचायचा तर साडेदहा अब्ज. अडीच दिवसांत एक झाड! शिवाय नमुने कमी, म्हणजे रन भरेपर्यंत पेशंट ताटकळणार. रसायनांच्या कार्ट्रिजची मुदत मात्र थांबत नाही.

पूर्वभागकर: कुरियरचाही तोटा धरा ना. रक्तातला कॅन्सरच्या गाठीचा डीएनए शोधायचा तर जांभळ्या बुचाच्या ट्यूबमधून काही तासांत प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. नाही केला तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीचा बुडून जातो. खास ट्यूब आहेत, पण त्या 37 अंशांपर्यंतच. आपला मे महिना ठाऊक आहेच.

डाळिंबपट्टा: म्हणजे इथे प्लाझ्मा वेगळा करणारं सेंट्रिफ्यूज हवं, सीक्वेन्सर नव्हे. माल बिघडतो तो मशीनपर्यंत पोचण्याआधीच. डाळिंबाच्या पानात टॅनिन भरपूर. डीएनए काढायच्या सीटॅब बफरमध्ये टॅनिन आवरणारं पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल नसेल तर डीएनए तपकिरी, चिकट येतो. अशुद्धीही मोजणारा नॅनोड्रॉप भरघोस आकडा दाखवतो, फक्त डीएनए मोजणाऱ्या क्युबिटवर त्यातलं थोडंच उरतं आणि लायब्ररी (मशीनसाठी तयार केलेले डीएनएचे तुकडे) बसत नाही. बायोप्सीचंही तेच. तुकडा 10 टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये 6 ते 48 तास हवा. चार दिवस पडून राहिला की डीएनए तुटतो, सी या बेसच्या जागी टी दिसतो, नसलेलं म्युटेशन रिपोर्टात येतं. डीएनए काढून, तपासून पाठवणारी लॅब काढा, ती चालेल. तेल्या हा डाळिंबाचा जीवाणूजन्य रोग ओळखायला तर पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून पाहणारी चाचणी) पुरे.

पूर्वभागकर: पीसीआर तेल्या आहे एवढंच सांगेल. स्ट्रेप्टोसायक्लीन हे अँटिबायोटिक फवारूनही जीवाणू दाद देत नसेल तर कुठलं जनुक बदललं, ते वाचायला नको? त्याचा जिनोम जेमतेम 50 लाख बेसचा. 24 नमुने 50 पट वाचले तरी 6 अब्ज. मिनआयन या छोट्या सीक्वेन्सरच्या एका फ्लो सेलवर (डीएनए वाचणाऱ्या चिपवर) बसतात. माणसांचे जाऊ द्या पुण्याला.

होटगीरोडवाला: हे पटतं. फक्त फ्लो सेल आला की 2 ते 8 अंशांत ठेवा आणि हमीच्या मुदतीत पोअर (डीएनए वाचणारी छिद्रं) मोजा. 800 पेक्षा कमी निघाले तर बदलून मिळतो. तपासणी उशिरा केली तर पैसे गेले.